रुग्णसेवेचा निर्भय आवाज

हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांमधून फिरणारी सेविका, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र सर्वपरिचित आहे. परंतु रुग्णांच्या हितासाठी अधिकाऱ्यांपुढे सत्य मांडणारी स्त्री, ही त्यांची ओळखही तितकीच मोलाची आहे.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात, एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. बालपणापासून त्यांना गणिताची गोडी होती. परिचारिका होण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तेव्हा घरातून तीव्र विरोध झाला. कारण त्या काळी हे काम हलके समजले जाई. तरीही १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे त्यांनी रुग्णसेवेचे शिक्षण घेतले.

१८५४ मध्ये क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांच्या हालअपेष्टांची वार्ता इंग्लंडमध्ये पोहोचली. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह ४ नोव्हेंबर रोजी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे दाखल झाल्या. लष्करी डॉक्टरांना त्यांचे येणे रुचले नाही. नाइटिंगेल यांनी वाद घातला नाही. डॉक्टरांच्या अनुमतीवाचून कोणीही रुग्णाची शुश्रूषा करू नये, अशी ताकीद त्यांनी परिचारिकांना दिली. थोड्याच दिवसांत जखमींची रीघ लागली आणि डॉक्टरांनाच त्यांचे साहाय्य घ्यावे लागले.

तेथे अंथरुणे, कपडे, औषधे या सर्वांचीच टंचाई होती. हे दोष त्यांनी हर्बर्ट यांना पत्रांद्वारे स्पष्टपणे कळवले. वरिष्ठ पदावरील एक व्यक्ती आपले म्हणणे ऐकून घेते, हा त्यांना मोठा आधार होता.

तथापि, मृत्यूंचे प्रमाण घटेना. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने रुग्णालयाखालील तुंबलेली गटारे साफ करून घेतली, हवा खेळती केली. तेव्हा ते झपाट्याने उतरले. युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने नाइटिंगेल यांनी सर्व नोंदी तपासल्या. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक दगावले होते, आणि त्यांत त्यांच्या स्वतःच्या रुग्णालयातील सैनिकही होते. हे सत्य त्यांना अतिशय क्लेशदायक होते. तरीही त्यांनी ते झाकून ठेवले नाही. रंगीत आकृत्यांच्या द्वारे त्यांनी ते राज्यकर्त्यांपुढे मांडले. पुढे लष्करी आरोग्यव्यवस्थेत सुधारणा झाल्या.

१८६० मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय स्थापन केले. रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करावे आणि जे दिसेल ते अचूक सांगावे, यावर त्यांचा कटाक्ष होता. परिचारिकांवर प्रशिक्षित स्त्रीचीच देखरेख असावी, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षण आणि पाठबळ लाभल्याने परिचारिकेच्या शब्दाला हळूहळू वजन प्राप्त झाले.

त्या भारतात कधीही आल्या नाहीत. परंतु येथील लष्करी छावण्यांतून मागवलेल्या माहितीचा त्यांनी कसून अभ्यास केला. भारतातील ब्रिटिश सैनिकांत दरवर्षी हजारी ६९ मृत्यू होत असल्याचे १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालातून उघड झाले. पुढे येथील ग्रामीण आरोग्य, दुष्काळ आणि पाणीपुरवठा या प्रश्नांवरही त्या दीर्घकाळ लिहीत राहिल्या.

१३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. सेवेला करुणेइतकीच सत्य बोलण्याच्या धैर्याची गरज असते, हे त्यांनी आपल्या जीवनातून दाखवून दिले.