एका तासातले 31 मीटर

वेलोड्रोममधली सायकल शर्यत कधी मोबाइलवर बघितलीय? नसेल तर एकदा बघाच. सायकलला ब्रेक नाहीत, गिअर बदलायची सोय नाही, फ्रीव्हीलसुद्धा नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. याला म्हणतात फिक्स्ड गिअर. आणि मागचं चाक बघाल तर चक्रावूनच जाल. त्यात तारा दिसतच नाहीत, नुसती बंद तबकडी! हेच ते डिस्क व्हील.

कारण सोपं आहे. चाकाचा वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो आणि तिथल्या तारा हवा घुसळत असतात. तबकडीवरून हवा सरळ सरकते. मग दोन्ही चाकं तशीच का नाही लावत? बंद हॉलमध्ये लावतातही. पण उघड्यावर बाजूचा वारा पुढच्या तबकडीला ढकलतो आणि हँडल हातातून खेचलं जातं. मागचं चाक फ्रेममध्ये घट्ट असतं, वर आपलं वजनही असतं. म्हणून रस्त्यावरच्या टाइम ट्रायलमध्ये तबकडी मागेच.

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा फरकासाठी एवढा खटाटोप? त्यासाठी फाउस्तो कोप्पीची गोष्ट ऐका. त्याच्या सायकलला तबकडी नव्हती, साधी तारांची चाकं होती.

कोप्पीचा जन्म 15 सप्टेंबर 1919चा, उत्तर इटलीतल्या कास्तेलानिया नावाच्या छोट्या गावातला. घर शेतकऱ्याचं. लहानपणी घरात पडलेली एक गंजकी सायकल त्याला सापडली आणि शाळेला दांड्या सुरू झाल्या. तेराव्या वर्षी शाळा सोडून तो नोवी लिगुरे गावातल्या खाटकाकडे कामाला लागला. काम काय, तर सायकलवरून मटण पोहोचवायचं. सराव आपोआपच झाला म्हणा ना!

मग वडील आणि काका मिळून त्याला 600 लिरा देतात. पोरगा आपली मापं देऊन एका कारागिराकडे फ्रेम बनवायला टाकतो. आठवड्यामागून आठवडे जातात, फ्रेम काही तयार होत नाही. शेवटी हातात येते ती त्याच्या मापाची नसतेच! गिऱ्हाईक पोरगं आहे म्हटल्यावर कोण लक्ष देतो? तरी तो त्याच सायकलवर शिकला. पहिली शर्यत पंधराव्या वर्षी जिंकली. बक्षीस होतं 20 लिरा आणि सलामीचं सँडविच.

पुढे बियाजो कावान्ना नावाच्या अंध मालिशवाल्याने त्याला घडवलं. 1940 साली तो लेन्यानो संघात आला, ते मोठा स्टार जिनो बार्तालीचा मदतनीस म्हणून. आणि विसाव्या वर्षी थेट इटलीची सर्वांत मोठी शर्यत, जिरो, जिंकून बसला! पण ती संपते न संपते तोच इटली महायुद्धात उतरली आणि आपला हिरो सैन्यात गेला.

1942 साली ट्रॅकवर पडून त्याचं कॉलरबोन मोडलं. ऑक्टोबरअखेर मिलान शहरावर बॉम्ब पडले. अशात 7 नोव्हेंबरला तो मिलानच्या विगोरेल्ली वेलोड्रोमवर उतरला, अवर रेकॉर्डसाठी. म्हणजे एका तासात जास्तीत जास्त अंतर. समोर कुणी प्रतिस्पर्धी नाही, गिअर एकच आणि तोही आधीच ठरवायचा. चुकलात तर तासभर भोगा. विक्रम केला तर आघाडीवर जावं लागणार नाही, अशी आशाही त्यामागे होती असं सांगतात.

सुमारे 115 फेऱ्या झाल्या. अंतर भरलं 45.798 किलोमीटर. फ्रान्सच्या मॉरिस आर्शांबोचा आधीचा विक्रम होता 45.767चा. फरक किती? फक्त 31 मीटर! त्या वेगाने हे अंतर कापायला अडीच सेकंदसुद्धा लागत नाहीत. तासाभराच्या घामातून उरलं ते एवढंच. तो विक्रम मात्र 1956 पर्यंत, जाक आंकतीलने मोडेपर्यंत, टिकला.

आणि युद्ध? ते काही टळलं नाही. 1943 मध्ये त्याला उत्तर आफ्रिकेत पाठवलं आणि एप्रिलमध्ये तो ट्युनिशियात ब्रिटिशांच्या कैदेत पडला. ऐन उमेदीची वर्षं छावणीत गेली. पण सुटून आल्यावर 1946ची मिलान–सान रेमो शर्यत त्याने 14 मिनिटांच्या आघाडीने मारली. 1949 आणि 1952 साली जिरो आणि टूर द फ्रान्स दोन्ही एकाच वर्षी जिंकल्या. जिरो एकूण पाच वेळा, जगज्जेतेपद 1953 साली. मधे 1951 मध्ये धाकटा भाऊ सेर्से शर्यतीत पडून गेला. आफ्रिकेतल्या एका दौऱ्याहून परतल्यावर कोप्पीला मलेरिया झाला, डॉक्टरांना तो ओळखता आला नाही. 2 जानेवारी 1960 रोजी तो गेला. वय अवघं 40.

1984 साली फ्रान्चेस्को मोझेर मेक्सिको सिटीत डिस्क व्हील लावून तासाला 51.151 किलोमीटर गेला आणि तबकडीचा जमाना सुरू झाला. सगळं श्रेय चाकाचं नव्हे, तिथली विरळ हवाही मदतीला होती. पण जिथे 31 मीटर पुरतात, तिथे तबकडी किती मोलाची ते आलं ना लक्षात?

तेव्हा उद्या फिक्स्ड सायकलसाठी मागची डिस्क घ्यायची वेळ आली, तर रंग आणि स्टिकर बघून भुलू नका. आधी टेप काढा. ट्रॅक फ्रेमला मागे साधारण 120 मिलिमीटरचं हब लागतं, रोडचं 130चं चाक त्यात सरळ बसत नाही. हबवर फिक्स्ड स्प्रॉकेटचे आटे आणि त्याबाहेर लॉकरिंगचे उलटे आटे आहेत का, ते बघा. लॉकरिंग नसेल तर पायाने वेग आवरताना स्प्रॉकेट सुटू शकतं. आणि त्याच्याही आधी बघा, फ्रेम आपल्या मापाची आहे ना? नसेल तर पैसे आधी तिथे घाला. 600 लिरा मोजून चुकीच्या मापाची सायकल मिळालेल्या त्या पोराकडे तर दुसरा इलाज नव्हता. तुमच्याकडे आहे!