खाटा होत्या, डॉक्टर होते, तरी रुग्ण बोलेनात! फ्रांत्झ फॅनन यांना उत्तर कुठे सापडलं?

गावात मनोरुग्णालय आहे, खाटा आहेत, डॉक्टरही आहेत. म्हणजे सगळ्यांना उपचार मिळतात, असं म्हणायचं का? सत्तर वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टरला याचं उत्तर स्वतःच्याच चुकीतून मिळालं.

त्यांचं नाव फ्रांत्झ फॅनन. जन्म १९२५ चा, कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक या फ्रेंच वसाहतीतला. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्सच्या बाजूने लढले आणि पुढे तिथेच शिकून मनोविकारतज्ज्ञ झाले. १९५३ मध्ये ते अल्जेरियातल्या ब्लिडा इथल्या मनोरुग्णालयात रुजू झाले.

अल्जेरियावर तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं. युरोपियनांचे वॉर्ड वेगळे, स्थानिक मुस्लिमांचे वेगळे. स्थानिकांचा मेंदूच मागासलेला असतो, असं तिथले नावाजलेले फ्रेंच डॉक्टर शिकवायचे.

फॅनन यांच्याकडे १६५ युरोपियन स्त्रिया आणि २२० मुस्लिम पुरुष होते. दोन्हीकडे त्यांनी सारखाच प्रयोग केला. सण, सिनेमा, हस्तकला, एकत्र बैठका. स्त्रियांचा वॉर्ड बघता बघता बोलका झाला. पुरुषांच्या वॉर्डात मात्र काहीच हलेना.

दोष रुग्णांचा नव्हता. सण फ्रेंचांचे, सिनेमेही त्यांचेच. डॉक्टरांना अरबी येत नव्हती, सगळं बोलणं दुभाष्यामार्फत. आपलं चुकलं, हे फॅनन यांनी सहकाऱ्यासोबत लेख लिहून मान्य केलं. मग वॉर्डात स्थानिक पद्धतीचं कॉफीहाऊस आलं, मुस्लिम सण साजरे झाले, गोष्टी सांगणारा कथेकरी येऊ लागला. माणसं हळूहळू मोकळी झाली.

तोवर स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं. फॅनन स्वातंत्र्यसैनिकांच्या बाजूने होते. १९५६ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला, लगेच त्यांना देशाबाहेर काढण्यात आलं. ट्युनिसमध्ये १९५८ साली त्यांनी दिवसाचं मनोरुग्णालय सुरू केलं. सकाळी यायचं, उपचार घ्यायचे, संध्याकाळी आपल्या घरी जायचं. घर तुटत नाही, कोंडून घेतल्याची भीतीही नाही.

६ डिसेंबर १९६१ रोजी रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. वय अवघं ३६. सात महिन्यांनी अल्जेरिया स्वतंत्र झाला. ब्लिडाचं ते रुग्णालय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

म्हणूनच एखाद्या देशातली मानसिक आरोग्यसेवा मोजताना नुसत्या खाटा मोजून भागत नाही. तिथे रुग्णाची भाषा कुणाला कळते आणि संध्याकाळी त्याला घरी जाता येतं का, हेही विचारावं लागतं.