विश्लेषण : सेवाभावी संस्थेत माणसे टिकतात कशी? गोखल्यांनी १९०५ मध्ये काय केले?

परभणीसारख्या जिल्ह्यात शेती, पाणी, शिक्षण या क्षेत्रांत काम करणाऱ्या छोट्या संस्थांची नेहमीची अडचण म्हणजे माणसे. निधी आटला की तयार झालेला कार्यकर्ता दुसरीकडे वळतो. हा प्रश्न जुना आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी तो आधी संस्थेचे सेवक म्हणून आणि नंतर संस्थापक म्हणून अनुभवला.

संस्थेत कसे आले?

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे झाला. वडील लवकर गेले. थोरले भाऊ गोविंदराव १५ रुपयांच्या पगारातून ८ रुपये त्यांच्या शिक्षणासाठी पाठवत. १८८४ मध्ये ते बी.ए. झाले. आता भावाचा भार हलका करायचा होता. तरीही १८८६ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. अट होती २० वर्षांच्या सेवेची. पगार पुढे महिना ७५ रुपयांवर गेला.

वाद कशावरून झाला?

आजीव सदस्यांनी बाहेरची कामे करावीत का, त्यातून मिळकत घ्यावी का, यावर मतभेद वाढले. सदस्यांनी पूर्ण वेळ संस्थेलाच द्यावा, असा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. आगरकर आणि इतर सहकारी त्याला राजी नव्हते. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर वाद टोकाला गेला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. ध्येय एकच असूनही संस्थेने मोठा माणूस गमावला. गोखले मात्र १९०२ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत राहिले.

स्वतःच्या संस्थेत काय बदलले?

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. वादाचे मुद्दे प्रवेशापूर्वीच्या ७ प्रतिज्ञांमध्येच मिटवले होते. सदस्याने स्वतःसाठी पैसा कमवायचा नाही, कोणाशी व्यक्तिगत भांडण करायचे नाही. त्याच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहाची तजवीज मात्र संस्थेने करायची. पहिली ५ वर्षे प्रशिक्षणाची होती.

निवड किती कडक होती?

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले. त्यानंतर महात्मा गांधींनी सदस्यत्वासाठी अर्ज केला. त्यांच्या कार्यपद्धतीवरून सदस्यांत दुमत दिसताच गांधींनी तो मागे घेतला. वितुष्ट टळले.

परिणाम काय झाला?

सदस्यसंख्या नेहमीच मर्यादित राहिली, ही या कडक निवडीची किंमत होती. पण घडलेली माणसे मोठी होती: आदिवासींसाठी झटलेले ठक्करबाप्पा, कामगार चळवळीचे नारायण मल्हार जोशी, हृदयनाथ कुंझरू. जोशींचे सचिव म्हणून काम केलेले व्यंकटेश खेडगीकर पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले. परभणीतील महाविद्यालये ज्या नांदेडच्या विद्यापीठाला जोडली आहेत, त्याला त्यांचेच नाव आहे.

आज काय घेण्यासारखे?

गोखल्यांनी त्याग मागितला, पण कार्यकर्त्याचे घर वाऱ्यावर सोडले नाही. मानधन किती, बाहेरचे काम चालेल का, शिकवणार कोण आणि किती काळ, हे रुजू होण्याआधी कागदावर असेल, तर निदान गैरसमजातून होणारी गळती थांबते.