जमनालालजी आणि गाईचा हिशेब

मित्रांनो, आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. दर चार-पाच गाड्यांमागे एका गाडीवर 'बजाज' हे नाव दिसेलच. पण ज्या माणसामुळे हे नाव मोठं झालं, त्याने आयुष्याचे शेवटचे महिने ना मोटारीत घालवले ना पेढीवर. ते घालवले वर्ध्याजवळच्या गोपुरीत, एका झोपडीत, गाईंच्या संगतीत! नागपूरपासून जेमतेम 75 किलोमीटरवर घडलेली ही गोष्ट आपल्याला सिलॅबसमध्ये भेटत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

जमनालालजींचा जन्म 4 नोव्हेंबर 1889 चा, राजस्थानातल्या सीकरजवळ काशी का बास या खेड्यातला. घरची परिस्थिती साधारणच. वर्ध्याचे श्रीमंत शेठ बच्छराज यांनी या पोराला नातू म्हणून दत्तक घेतलं आणि तो वर्धेकर झाला. शाळा झाली जेमतेम चार वर्षं. डिग्री वगैरे लांबचीच गोष्ट! सतरा वर्षांचा असताना दागिने घालण्यावरून आजोबा रागावले, टाकून बोलले. या पठ्ठ्याने काय करावं? तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही असं पत्र लिहून, एक पैसाही न घेता घर सोडलं. आजोबांनी समजूत काढून परत आणलं खरं, पण तेव्हापासून आपण या पैशाचे मालक नाही, राखणदार आहोत, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली.

1920 च्या डिसेंबरात आपल्या नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष जमनालालजीच होते. तिथेच त्यांनी गांधीजींकडे एक विचित्र मागणी केली : मला तुमचा पाचवा मुलगा करा. गांधीजींनी ती मान्य केली. पुढच्याच वर्षी सरकारने दिलेली रायबहादूर पदवी त्यांनी परत करून टाकली. 1923 मध्ये नागपूरचा झेंडा सत्याग्रह पेटला. त्याचं पुढारपण केलं म्हणून 18 महिन्यांची शिक्षा आणि वर दंड झाला. दंडापायी मोटार जप्त झाली, पण अख्ख्या नागपुरात तिच्यावर बोली लावायला कोणी पुढे आलं नाही. आपल्या शहराचा अभिमान वाटावा अशी ही गोष्ट नाही का? 1928 मध्ये त्यांनी वर्ध्याचं आपलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. मगनवाडीची बाग ग्रामोद्योगासाठी दिली. शेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम. तिथे 1936 मध्ये गांधीजी राहायला गेले, तेही जमनालालजींच्याच जमिनीवर.

आता मुख्य मुद्दा. 1941 साली नागपूरच्या तुरुंगातून प्रकृतीच्या कारणाने सुटून आल्यावर ते थकले होते. राजकारणात मन रमत नव्हतं. उरलेलं आयुष्य एकाच कामाला द्यायचं ठरलं आणि ते काम निघालं गोसेवेचं. सप्टेंबर 1941 मध्ये वर्ध्याला गोसेवा संघ सुरू झाला.

गोसेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हळदकुंकू आणि नैवेद्य येतो. जमनालालजी मात्र व्यापारी माणूस! त्यांनी गाईचा अक्षरशः ताळेबंद मांडला. म्हशीच्या दुधाला जास्त लोणी, म्हणून बाजारात म्हशीला मान. गाय मागे पडली, तिची उपासमार झाली, जात खालावली. पण कापसाच्या शेताला बैल लागतो आणि तो देते गाय. आपल्या वर्धा-नागपूरकडच्या गवळाऊ जातीचे बैल तर चपळाईसाठीच ओळखले जातात. मग उपाय काय? गाईच्या दुधाला गिऱ्हाईक मिळवायचं, वळू चांगला ठेवायचा, चारा पिकवायचा आणि मेलेल्या जनावराचं कातडंसुद्धा वाया घालवायचं नाही. म्हणून संघाच्या सभासदांना नियम होता : दूध-तूप गाईचंच वापरायचं आणि चामडं वापरायचं तर आपोआप मेलेल्या जनावराचं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी एक पार्ट नाही, पूर्ण सिस्टिम डिझाईन केली!

नियतीने त्यांना पाच महिनेसुद्धा दिले नाहीत. फेब्रुवारी 1942 च्या सुरुवातीला वर्ध्यात गोसेवकांची परिषद झाली आणि 11 तारखेला मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. वय अवघं 52. पुढे जानकीदेवींनी हे काम खांद्यावर घेतलं. वर्ध्याचा गोरसपाक खाल्ला असेल ना? गाईच्या तुपातली ती खुसखुशीत वडी तिथल्या गोरस भांडाराची, म्हणजे त्याच विचाराची गोड आठवण.

हे सगळं आज कशाला सांगतोय? कारण 2006 हे साल. त्या वर्षी आफ्रिकेतल्या रवांडा देशाने गरीब कुटुंबाला एक गाय देणारी 'गिरिंका' योजना सुरू केली. अट अशी की आधी गोठा बांधा, चारा लावा, मग गाय मिळेल. आणि तिची पहिली कालवड शेजारच्या गरजू घराला द्या. म्हणजे आज घेणारा उद्या देणारा होतो. त्याच 2006 मध्ये आपल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज आलं. त्यात अर्ध्या किमतीत दुभती जनावरंही होती. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात जास्त दुधाची गाय उभी राहिली, तिला हिरवा चारा कुठून आणायचा? काहींना ती पोसणं झेपलं नाही, त्यांनी विकून टाकली.

माझे मामा आर्वीकडचे शेतकरी. गाय घेता का असं विचारलं की ते आधी कुटाराचा हिशेब करतात, मग ढेपेचा भाव, मग पाणी, मग दूध रोज नेणार कोण. गाईच्या किमतीचा विषय सर्वांत शेवटी! जमनालालजींबद्दल वाचताना मला सारखे मामाच आठवत होते. एकाने करोडोंची पेढी पाहिली, दुसऱ्याने पाच एकरांचं वावर. हिशेब मात्र एकच.

मित्रांनो, आपणही उद्या खेड्यासाठी काहीतरी बनवू. फायनल इयरच्या प्रोजेक्टला सोलर पंप, कडबा कुट्टी यंत्र, गोबर गॅस हे विषय दर वर्षी असतातच. व्हायवा झाला की मॉडेल कपाटात! पुढच्या वेळी विषय निवडताना एवढंच विचारू या : हे यंत्र दिल्यावर त्याला 'चारा' कोण घालणार? बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? आणि ज्याला दिलं तो दोन वर्षांनी दुसऱ्याला काही देऊ शकेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर खुशाल कामाला लागा.