कै. रमाबाई रानडे

रुग्णाच्या उशाशीं रात्र जागविणारी परिचारिका आज आपणांस आदरणीय वाटते. पण एके काळीं घरंदाज स्त्रीनें हें काम करणें समाजास कमीपणाचें वाटे. हा समज घालविण्यासाठीं ज्या झटल्या, त्यांत रमाबाई रानडे अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म १८६२ सालीं देवराष्ट्रे गांवीं झाला. १८७३ सालीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. न्यायमूर्तींचें आरंभींचें शिक्षण आपल्या कोल्हापुरांतच झालें होतें. १९०१ सालीं रमाबाईंस वैधव्य आलें. पण दुःखास कवटाळून न बसतां त्यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदनाची धुरा वाहिली. तेथील विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण घेऊं लागल्या. त्यांच्यासाठीं संस्थेनें वसतिगृह चालविलें. रुग्णालयांत कडक शिस्त व श्रम आणि बाहेर लोकनिंदा; अशा वेळीं मुलींस हक्काचें घर व मायेचें माणूस लाभलें, म्हणजे हातून सेवाही प्रसन्न मनानें घडते. १९२४ सालीं रमाबाई निवर्तल्या.

केवळ हुकूम सोडणें म्हणजे पुढारीपण नव्हे; हाताखालच्या माणसाचा मान राखून त्याच्या पाठीशीं उभें राहणें, हेंच खरें पुढारीपण, असें आम्हांस वाटतें. आमच्या वर्गनायकांनीं हें ध्यानीं धरावें.