खासगी कंपन्या अवकाशात टिकतील का? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचं आयुष्य काय सांगतं

पुलगावात जुन्या माणसांसमोर आर्वीचा विषय काढला की शकुंतलेची आठवण निघतेच. पुलगाव ते आर्वी धावणारी नॅरोगेज गाडी. १९१७ मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हा तो खासगी कंपनीच्या मालकीचा होता आणि त्या कंपनीचा कारभार किलिक निक्सन या इंग्रज पेढीकडे होता. भागातला कापूस मेन लाईनवर आणायचा, तिथून तो पुढे मुंबईला जायचा.

त्या काळात रेल्वे, जहाजं, मोठे पूल अशा धंद्यांत खासगी कंपनी म्हणजे बहुतेक वेळा इंग्रजांची कंपनी. भारतीय माणसाच्या वाट्याला यायची ती मातीकामाची आणि रूळ टाकायची कंत्राटं.

अशाच एका नॅरोगेज मार्गावर, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी लाइट रेल्वेवर, एका तरुण कंत्राटदारानं धंद्याला सुरुवात केली. पुढे त्यानं जहाज कंपनी उभी केली, जहाजं बांधायची गोदी काढली, मोटारी बनवल्या आणि देशातला पहिला विमान कारखानाही काढला.

त्याचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

आज रॉकेट बनवणाऱ्या खासगी कंपन्यांची जोरात चर्चा आहे. ज्या कामात आजवर फक्त सरकार होतं, तिथे खासगी कंपनी टिकेल का, असं विचारलं जातं. वालचंद यांना हा प्रश्न आयुष्यात तीन वेळा पडला आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर गुजराती जैन, धंदा सावकारी आणि कापसाचा. शिक्षण मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज इथं झालं. घरच्या पेढीवर बसले असते तर आयुष्य आरामात गेलं असतं, पण त्यात त्यांचं मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक भेटले आणि ‘फाटक-वालचंद’ ही भागीदारी जमली. पुढे भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी पाइपलाइन अशी मोठी कामं त्यांच्या हाताखाली झाली.

या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी होती. काम देणारं सरकार, रेल्वे नाहीतर महापालिका. खिसा त्यांचा, घाम कंत्राटदाराचा.

मग आली जहाजं.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज विक्रीला होतं. युद्धात त्याचा वापर रुग्णालय म्हणून झाला होता. नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांना सोबत घेऊन वालचंद यांनी ते विकत घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघालं. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो याचमुळे.

पण समुद्रावर इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी भाडं इतकं खाली आणलं की नव्या कंपनीचं कंबरडंच मोडावं. सिंदिया विकत घेण्याचाही प्रयत्न झाला. शेवटी १९२३ मध्ये करार झाला. किती टनांची जहाजं ठेवायची आणि कुठे चालवायची यावरच्या जाचक मर्यादा सिंदियाला मान्य कराव्या लागल्या.

तरी कंपनी बुडाली नाही. कारण समुद्रावर माल पाठवणारा व्यापारी एक नव्हता, हजारो होते. एकानं पाठ फिरवली तर दुसरा होता. १९२९ मध्ये वालचंद सिंदियाचे अध्यक्ष झाले आणि पुढची वीसेक वर्षं त्यांनीच ती चालवली.

दुसरी परीक्षा आकाशातली.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेच्या प्रवासात होते. डोक्यात मोटारींचा कारखाना होता. त्या प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली. पॉलीचा चीनमध्ये विमान कारखाना होता. दुसरं महायुद्ध पेटलेलं आणि ब्रिटिशांना विमानं हवी होती. मोटारींच्या योजनेला दाद न देणारं सरकार विमानांसाठी मात्र राजी झालं.

म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळुरूजवळ सातशे एकर जमीन दिली आणि संस्थानाचे पैसेही घातले. २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. काही महिन्यांत केंद्र सरकारही एक तृतीयांश भागीदार झालं. ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे अवघ्या आठ महिन्यांत, कारखान्यात जोडलेलं हार्लो जातीचं पहिलं शिकाऊ विमान उडालं.

खासगी माणसाला विमान कारखाना जमेल का, याचं उत्तर मिळालं होतं. पण टिकेल का, याचं उत्तर अजून यायचं होतं.

जपान युद्धात उतरला आणि बर्मा पडायला लागला. नवी विमानं बनवण्यापेक्षा असलेली दुरुस्त करणं सरकारला निकडीचं वाटू लागलं. एप्रिल १९४२ मध्ये सरकारनं वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे शेअर्स मोबदला देऊन विकत घेतले. १९४३ मध्ये कारखान्याचा ताबा अमेरिकन हवाई दलाकडे गेला. वालचंद यांना तो पुन्हा कधीच मिळाला नाही.

इथे ग्राहक एकच होता, सरकार. तेच भागीदार होतं आणि नियम करणारंही तेच. त्यानं मत बदललं की मालकाला जागेवरून उठावं लागलं.

तिसरी परीक्षा विशाखापट्टणमची. २१ जून १९४१ ला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सिंदियाच्या गोदीची पायाभरणी झाली. मार्च १९४८ मध्ये तिथे बांधलेलं ‘जलउषा’ पंडित नेहरूंनी पाण्यात सोडलं. पण जहाजबांधणीत पैसा अडकतो वर्षानुवर्षं आणि परत येतो हळूहळू. एकट्या कंपनीला तो भार पेलेना. १९५२ मध्ये गोदीचा दोन तृतीयांश हिस्सा सरकारकडे गेला. इथे कंपनीला कोणी बाहेर काढलं नाही, तिचा दमच संपला.

मोटारींचा हट्ट मात्र त्यांनी पुरा केला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे पद्मिनी गाडी बाहेर पडली.

वालचंद काही संत नव्हते. त्यांना नफा हवा होता आणि सरकारनं देशी धंद्याला संरक्षण द्यावं असा त्यांचा आग्रह असे. पक्षाघातानंतर १९५० मध्ये ते कारभारातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथं त्यांचं निधन झालं. तेव्हा माणसानं बनवलेला पहिला उपग्रह अवकाशात जायलाही चार वर्षं बाकी होती.

पण त्यांची कामं अवकाशापर्यंत पोहोचलीच. इंदापूर तालुक्यात त्यांनी वसवलेल्या वालचंदनगरमधली कंपनी १९७० च्या दशकापासून इस्रोसाठी रॉकेट मोटारींची आवरणं बनवते. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या बूस्टरचे भागही तिथेच बनले. आणि बंगळुरूचा तो कारखाना? १९६४ पासून त्याचं नाव हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे आपलं एचएएल. २०२२ मध्ये पाच पीएसएलव्ही रॉकेटं बांधायचं काम एचएएल आणि एल अँड टी यांना मिळून मिळालं.

२०२० मध्ये केंद्र सरकारनं अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूटचं विक्रम-एस आणि मे २०२४ मध्ये अग्निकुलचं रॉकेट उडालं. ही दोन्ही उड्डाणं कक्षेपर्यंत जाणारी नव्हती, चाचणीची होती. तरी खासगी कंपनीला रॉकेट बनवता येतं, हे त्यातून दिसलं.

टिकण्याचा प्रश्न वेगळा. अमेरिकेच्या स्पेसएक्सचं फाल्कन-१ सलग तीनदा फसलं आणि सप्टेंबर २००८ मध्ये चौथ्या वेळी कक्षेत पोहोचलं. त्याच डिसेंबरात नासानं तिला १.६ अब्ज डॉलरचं मालवाहतुकीचं कंत्राट दिलं. तिथेही मोठा ग्राहक सरकारच होतं. फरक इतकाच, की त्यानं कारखाना ताब्यात न घेता फेऱ्या विकत घेतल्या. नंतर कंपनीनं जगभरातले इतर ग्राहकही जोडले.

म्हणून नव्या अवकाश कंपनीची बातमी वाचताना रॉकेट किती उंच गेलं एवढंच पाहू नका. तिचे ग्राहक किती आहेत, त्यातला एक उठून गेला तर ती उभी राहील का आणि पैसा परत येईपर्यंत तिचा दम टिकेल का, तेही बघा.

पुलगाव-आर्वीची गाडी आता बंद आहे. रूळ टाकणं कंपनीच्या हातात असतं. त्यावरून वर्षानुवर्षं माल जात राहील, याची हमी मात्र तिच्या हातात नसते.