केटरिंग : रंग वाळायची वाट न पाहणारा माणूस

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांची जुनी मोटरसायकल रंगवायला काढली. याच गाडीच्या टाकीवर बसून मी केजीला जायचे. पेंटरकाकांनी पहिलाच प्रश्न टाकला : ड्युको मारायचा की पीयू? मी मेकॅनिकलची असूनही उत्तर काही देता येईना. ड्युको स्वस्त आणि संध्याकाळपर्यंत गाडी हातात, म्हणून तोच मारायला सांगितला. चार महिन्यांत टाकीच्या झाकणाभोवतीचा रंग पेट्रोल सांडून सांडून मऊ पडला आणि नखाने निघायला लागला. बाबा काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं. म्हटलं, हा ड्युको आहे तरी काय? शोधता शोधता चार्ल्स केटरिंग भेटला.

केटरिंगचा जन्म 1876चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरातला. डोळे जन्मापासूनच कमजोर. आधी गावाकडे मास्तरकी केली, मग इंजिनीअरिंगला गेला. पण वाचून वाचून डोळे इतके दुखायचे की कॉलेज सोडावं लागलं. मग त्याने टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या गँगमध्ये काम केलं. आपण एका केटीला आभाळ कोसळल्यासारखं करतो. हा पठ्ठ्या मात्र परत कॉलेजात गेला आणि 1904 मध्ये, वयाच्या 28व्या वर्षी, इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाला.

नोकरी लागली डेटन शहरात, दुकानातली गल्ल्याची मशीन बनवणाऱ्या कंपनीत. तिथे त्याने मशीनला छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवली. गल्ला उघडायला क्षणभरच जोर लागतो, मग दिवसभर चालणारी मोठी मोटर कशाला, हा त्याचा हिशोब. हाच हिशोब त्याने पुढे मोटारीला लावला. तोवर गाडी हँडल मारून सुरू करावी लागे आणि हँडल उलटं फिरून माणसांचे हात मोडत. केटरिंगचा सेल्फ स्टार्टर 1912च्या कॅडिलॅक गाडीत बसला. आपण बटण दाबून बाईक सुरू करतो, त्याची सुरुवात तिथली. जुन्या बाईकचा मेकॅनिक ज्या सीबी पॉइंट आणि कॉइलशी झटापट करतो, ती बॅटरीवरची इग्निशनसुद्धा केटरिंगच्याच नावाने ओळखली जाते.

1920 मध्ये तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला. तिथे नवीच अडचण. गाडी भराभर तयार व्हायची, पण रंग वाळायला आठवडे लागायचे. तेलाचा व्हार्निश हातावर हात, मध्ये घासकाम, परत हात. रंगाची वाट बघत बॉड्यांच्या रांगा गोडाऊनमध्ये पडून. तिकडे फोर्डने 1914 पासून मॉडेल टी फक्त काळ्या रंगात काढली. केटरिंगने रंगवाल्यांना बोलावून विचारलं, तर त्यांनी फार तर थोडे दिवस कमी करू म्हणून सांगितलं. याला मात्र तासाभरात वाळणारा रंग हवा होता.

असं सांगतात की न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्याला लाकडाची छोटी रंगीत तबकडी दिसली. तिच्यावर पटकन वाळणारा लॅकर होता. तो थेट त्या बनवणाऱ्याकडे पोचला. तो लॅकर मोटारीसाठी फारच लवकर वाळायचा, गन मारेपर्यंत हवेतच सुकायचा! मग ड्यूपाँट कंपनीबरोबर काम सुरू झालं. कापसावर नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज करायचं, ते थिनरमध्ये विरघळवायचं आणि फवारायचं. थिनर उडून गेला की रंगाचा पापुद्रा उरतो. याचंच नाव ड्युको. 1924च्या मॉडेलची निळी ओकलँड गाडी त्यात रंगवली गेली आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. रस्त्यावर रंगीत गाड्या आल्या त्या अशा. आपल्याकडे तर सुतारसुद्धा कपाटाला ड्युको मारतो. ते कंपनीच्या रंगाचं नाव होतं हे त्याच्या गावीही नसतं.

पण माझी चूक इथेच सापडली. ड्युकोत काही केमिकल रिॲक्शन होत नाही, नुसता थिनर उडतो. म्हणजे वर परत थिनर किंवा पेट्रोल पडलं की पापुद्रा मऊ पडणारच. पीयूचं तसं नाही. त्याचं रसायन 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायरने शोधलं. रंगात हार्डनर मिसळला की रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंततात आणि मग ते जाळं पेट्रोलने सुटत नाही. मिसळल्यावर मात्र काही तासांत संपवावा लागतो. शिवाय हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना वाईट, दमा लागू शकतो. धुळीचा साधा मास्क तिथे चालत नाही.

केटरिंगला घाई एकदा फार महागात पडली, आणि त्याला नाही, दुसऱ्यांना. त्याच्याच प्रयोगशाळेत 1921 मध्ये मिजलीने इंजिनचं नॉकिंग थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं घातलं. शिसं विषारी आहे हे डॉक्टर तेव्हाही सांगत होते. 1924 मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेने मेले, तरी काही काळ थांबवलेली विक्री पुढे परत सुरू झाली. भारतात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला 2000 साल उजाडलं. 1958 मध्ये केटरिंग गेला. न्यूयॉर्कच्या कॅन्सर हॉस्पिटलला त्याचं नाव आहे, आणि शिशाच्या इतिहासातही आहे. दोन्ही खरं.

मला त्याचा राग येत नाही. रंग किती वेळात वाळेल, हा त्याचा प्रश्न होता आणि उत्तर त्याने चोख काढलं. पण त्या रंगावर पुढे काय सांडणार आहे, आणि तो मारताना कुणाच्या छातीत काय जाणार आहे, हे प्रश्न आपण विचारायचे असतात.

या सुट्टीत टाकी परत पत्र्यापर्यंत घासली. गंज काढला, प्रायमर, लांबी, पॉलिश पेपर, मग रंग आणि वर पीयू क्लिअरचे दोन हात. पेंटरकाकांसाठी बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क भाड्याने आणला. आधी ते हसले, मग घातला. गाडी चार दिवसांनी मिळाली.

बाबांनी पहिल्याच दिवशी पेट्रोल भरताना थोडं सांडवलं, फडक्याने पुसलं आणि माझ्याकडे बघून हसले.